एसी थंड करत नाही? गॅस भरण्याआधी आउटडोअरची पाठ बघा

मार्च उजाडला की ठाण्यात काय आणि नवी मुंबईत काय, एसीवाल्यांचे फोन लागेनासे होतात. चार दिवसांनी माणूस उगवतो, इनडोअरची जाळी झटकतो, पाइपला गेज लावतो आणि म्हणतो, "काकी, गॅस कमी झालाय, भरावा लागेल." काकी बिचाऱ्या भरतात. आठवडाभर बरं वाटतं, मग भर दुपारी पुन्हा तेच: रिमोटवर २२ आणि खोलीत घाम.

एसी किती अंशांवर ठेवावा यावर आपल्याकडे चर्चा भरपूर होते. जानेवारी २०२० पासून नवे स्टार लेबलवाले एसी सुरू केले की मुळातच २४ वर येतात. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी एसीची मर्यादा २० ते २८ अंश ठेवण्याचा विचार जाहीर केला, तेव्हा सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वादांना ऊत आला होता. आकडा महत्त्वाचा आहेच. पण त्या वादात उतरलेल्यांपैकी किती जणांनी स्वतःच्या आउटडोअरच्या मागे टॉर्च मारून बघितलंय, हा माझा प्रश्न आहे. आकड्याइतकीच करामत तिथेही दडलेली असते.

एसी नेमकं करतो काय?

एसी थंडी तयार करत नाही. खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. तुमच्या सोसायटीतला पाण्याचा पंप डोळ्यांसमोर आणा. जमिनीखालच्या टाकीतलं पाणी तो गच्चीवरच्या टाकीत चढवतो. पाणी आपणहून वर जात नाही, म्हणून पंपाला वीज लागते. गच्ची जितकी उंच, तितकी वीज जास्त.

इथे खालची टाकी म्हणजे इनडोअरमधली थंड कॉइल, साधारण १० अंशांच्या आसपास. वरची टाकी म्हणजे आउटडोअरमधली गरम कॉइल, जिला कंडेन्सर म्हणतात. पंप म्हणजे कॉम्प्रेसर. आणि पाण्याच्या जागी उष्णता, ती वाहून नेणारा गॅस म्हणजे रेफ्रिजरंट. नव्या घरगुती एसींमध्ये तो बहुधा आर-३२ असतो.

बाहेर ३५ अंश असताना उष्णता हवेत सोडायची, तर बाहेरची कॉइल हवेपेक्षा बरीच गरम हवी. स्वच्छ कॉइल ४५ ते ५० अंशांवर हे काम उरकते. तिच्यावर धूळ बसली की हवा नीट खेळत नाही, उष्णता बाहेर पडायला अडते आणि कॉइल ५५, ६० अशी तापत जाते, तेव्हा कुठे तेवढीच उष्णता बाहेर पडते. म्हणजे गच्ची दोन मजले वर सरकली. पंप तोच, पाणी तेवढंच, पण चढण वाढली.

आणि ही उष्णता थोडीथोडकी नसते. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात असताना खोलीतून साधारण ५.३ किलोवॅट उष्णता उपसतो. त्यात कॉम्प्रेसरने खाल्लेली दीड किलोवॅट वीजही शेवटी उष्णताच होते. सगळी मिळून पावणेसात-सात किलोवॅट उष्णता त्या एका पांढऱ्या पेटीच्या कॉइलमधून बाहेर पडायची असते. तिथे गोधडी पांघरलेली असेल, तर रिमोट काय करणार?

मळ दिसत का नाही?

कारण तो मागे असतो. खिडकीतून वाकून बघितलं तर आउटडोअरची पुढची बाजू दिसते: गोल जाळी, आत पंखा. ती बऱ्यापैकी स्वच्छ वाटते. पण बहुतेक घरगुती आउटडोअरमध्ये पंखा हवा पुढून आत ओढत नाही, पुढून बाहेर फेकतो. हवा आत शिरते मागून आणि एका बाजूने. कॉइलही तिथेच असते, इंग्रजी एल अक्षरासारखी वळवलेली, भिंतीकडे तोंड करून. हवेबरोबर आलेली धूळ तिथेच गाळली जाते.

युनिट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत मोबाइल घालून फ्लॅश लावून एक फोटो काढा, तेवढं हाताशी असेल तरच. स्वच्छ कॉइलवर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांच्या उभ्या रेघा स्पष्ट दिसतात, पुस्तकाच्या पानांच्या कडांइतक्या जवळजवळ. यांना फिन्स म्हणतात. एकेक फिन मिलिमीटरच्या साधारण दहाव्या भागाइतकी जाड. मळलेल्या कॉइलवर रेघा दिसतच नाहीत. राखाडी, नमद्यासारखा थर दिसतो. नखाने ओढला तर सलग पट्टी निघते आणि तिच्यात केस, कापसाचे धागे, कबुतराचं पीस, सगळं विणलेलं असतं.

आपल्याकडे या थराला माल पुरवणारे भरपूर. घोडबंदर रोडवर मेट्रो ४ चं काम आणि दोन्ही अंगांना उभे राहणारे टॉवर. ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे ट्रक, तुर्भ्याच्या बाजारपेठेची वर्दळ, तळोज्याची एमआयडीसी. येऊरच्या बाजूला एप्रिलच्या सुमारास शेवरीच्या बोंडांतला कापूस उडतो, तो कॉइलवर जाऊन अस्सा बसतो की विचारू नका. आउटडोअर स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टशेजारी असेल तर आणखी वाईट: फोडणीचा तेलकट धूर आधी चिकटतो, धूळ मागाहून त्यावर बसते आणि मग नुसत्या पाण्याने निघत नाही.

बिलात किती फरक पडतो?

कंडेन्सरचं तापमान एका अंशाने वाढलं की कॉम्प्रेसरची वीज ढोबळमानाने २ ते ३ टक्के वाढते. पाच अंश वाढले तर १० ते १५ टक्के. शिवाय थंडावा थोडा घटतो, म्हणजे खोली गार व्हायला वेळ जास्त आणि कॉम्प्रेसर चालणार जास्त.

समजा, तुमचा एसी रात्रभरात आठ-नऊ युनिट घेतो. मळलेल्या कॉइलमुळे रोज एक युनिट जादा गेलं असं धरलं, तर महिन्याला तीसेक युनिट. महावितरणच्या घरगुती दरात १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्पे आहेत. उन्हाळ्यात एसीवाल्या घराचं मीटर ३०० कधीच ओलांडून गेलेलं असतं, त्यामुळे हे तीस युनिट वरच्या, महागड्या टप्प्याच्या दराने लागतात.

तरीही खरं सांगतो, निव्वळ बिलाचा हिशोब केला तर एका घराचे वाचून वाचून महिन्याला काहीशे रुपये. कॉइल धुतली की बिल निम्म्यावर येतं असं कोणी सांगत असेल, तर त्याच्याकडून काहीही विकत घेऊ नका. खरा धोका कॉम्प्रेसरला आहे. तो सतत जास्त दाबावर आणि जास्त तापमानात राबतो, त्याच्यातलं तेल लवकर खराब होतं, मोटरच्या तारांचं वेटोळं, म्हणजे वाइंडिंग, तापतं. कॉम्प्रेसर हा एसीतला सगळ्यात महागडा भाग. कंपनी त्यावर अनेक वर्षांची हमी देते हे खरं, पण त्या हमीच्या बारीक अक्षरांत मजुरी आणि गॅस बहुधा आपल्याच खिशातून जातो.

"पण गॅस खरंच कमी असेल तर?"

असू शकतो. पण गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये गोल गोल फिरतो, वर्षानुवर्षं तेवढाच राहतो. कमी झालाय याचा अर्थ कुठून तरी गळतोय. गळती न शोधता दरवर्षी गॅस भरणं म्हणजे फुटक्या टाकीत टँकर ओतणं.

दोन्ही दुखणी वरून सारखी दिसतात, थंडावा कमी. आतून मात्र उलटी. कॉइल मळलेली असेल तर आउटडोअरमधून येणारी हवा चांगलीच गरम पण जोर नसलेली असते. एसी रात्री ठीक चालतो आणि दुपारी दोनला मान टाकतो, कारण रात्री बाहेरची हवा गार असते आणि चढण आपोआप कमी होते. कधी कधी कॉम्प्रेसर मध्येच बंद पडतो आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतो. गॅस कमी असेल तर बाहेर येणारी हवा जेमतेम कोमट असते आणि इनडोअरच्या कॉइलवर किंवा आउटडोअरच्या पितळी व्हॉल्व्हवर बर्फ धरतो. इनडोअरची जाळी तुंबली तरी बर्फ धरतो, म्हणून ती आधी धुवायची.

गेज लावून दिसणारा दाब खोलीच्या तापमानावर, बाहेरच्या हवेवर आणि दोन्ही कॉइल किती स्वच्छ आहेत यावर अवलंबून असतो. मळलेल्या कॉइलवर घेतलेल्या आकड्याला फारसा अर्थ नाही. त्यावर विसंबून जादा गॅस भरला तर आधीच वाढलेला दाब आणखी वाढतो. म्हणून क्रम असा: आधी आत-बाहेरची धुलाई, मग पंधरा-वीस मिनिटं चालवून मोजणी, मग गॅसचा विषय. गळती निघालीच तर ती साबणाच्या फेसाने किंवा नायट्रोजनच्या दाबाने शोधायची, दुरुस्त करायची, नळ्यांमधली हवा व्हॅक्यूम पंपाने काढायची आणि मग आउटडोअरवरच्या प्लेटवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा. काटा न आणणाऱ्याला "अंदाजे भरतो" म्हणू देऊ नका.

"पावसात धुऊन निघतंच की!"

हे वाक्य मी जितक्यांदा ऐकलंय तितक्यांदा त्या सोसायटीचे आउटडोअर बघावेसे वाटलेत. पाऊस वरून पडतो, कॉइल उभी असते, वर पत्र्याचं झाकण आणि डोक्यावर छज्जा. तिरपी सर येते तेव्हा थोडं पाणी कडेला लागतं, तेवढ्याने थर निघत नाही. उलट कोरडी धूळ भिजते, चिखल होते आणि ऑक्टोबरच्या उन्हात फिन्सच्या मध्ये वाळून बसते.

छप्पर किंवा कव्हर घालायचा मोह होतो. वरून पत्रा असेल आणि चारही बाजू मोकळ्या असतील तर हरकत नाही. पण इमारत छान दिसावी म्हणून आउटडोअर लूव्हर्सच्या, म्हणजे आडव्या पट्ट्यांच्या पेटीत बंद करायची फॅशन नव्या टॉवरांमध्ये आली आहे, ती घातक. फेकलेली गरम हवा पेटीतच घुटमळते आणि मागून पुन्हा आत ओढली जाते. बाहेर ३५ अंश असले तरी त्या बिचाऱ्याच्या नशिबी ४५. मग कॉइल आरशासारखी लख्ख असली तरी काही उपयोग नाही.

"माझा फाइव्ह स्टार इन्व्हर्टर आहे"

स्टार ठरतात ते प्रयोगशाळेत, नव्या कोऱ्या स्वच्छ कॉइलवर. इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर गरजेनुसार वेग बदलतो, त्यामुळे तो मळ झाकतो: खोली गार होत राहते, फक्त मोटर जास्त वेगाने फिरत राहते आणि तुम्हाला कळत नाही. फार तापलं की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि नेमक्या सर्वांत गरम दुपारी थंडावा घटतो. २४ वर ठेवण्याचा उपयोगही यातच बसतो. २४ वर ठेवलं की उपसायचं पाणी कमी होतं, कॉइल स्वच्छ ठेवली की चढायची उंची कमी होते. एक केलं म्हणून दुसऱ्याला सुट्टी नाही.

खाडीकाठच्या घरांची वेगळी गोष्ट

वाशी, ऐरोली, कोपरखैरणे, कळवा, कोलशेत. खाडीजवळ राहणाऱ्यांना मळाच्या जोडीला दोन शत्रू. एक, खारी हवा. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं आणि तांब्याची नळी व ॲल्युमिनियमची फिन जिथे एकमेकांना टेकतात तिथे गंज लवकर धरतो. फिन पांढरी पडते, हात लावला की भुकटी होते.

दुसरा शत्रू ओहोटीला कळतो. खारफुटीच्या चिखलातून, गाळ साचलेल्या धारण तलावांतून आणि सांडपाण्याच्या नाल्यांतून सडक्या अंड्यासारखा वास येतो ना, तो हायड्रोजन सल्फाइडचा. हा वायू तांब्याला आणि चांदीला काळं करतो. घरातल्या चांदीच्या समईवर पंधरवड्यात काळपटपणा येत असेल, तर तुमच्या एसीच्या तांब्याच्या नळ्या तीच हवा खातायत, हे लक्षात घ्या. नळी हळूहळू कुरतडली जाते, सुईच्या टोकाएवढं भोक पडतं आणि गॅस निघून जातो. हा खरा "गॅस कमी".

धुतल्याने मीठ आणि मळ निघतो, त्यामुळे खारेपणाचा त्रास कमी होतो. वायूचा त्रास धुऊन जात नाही. निळं किंवा सोनेरी कोटिंग बहुधा फिन्सवरच असतं, म्हणून तिथे एसी घेतानाच तांब्याच्या नळ्यांवरही संरक्षक कोटिंग आहे का, ते विचारावं. आणि धुवायला बोअरवेलचं किंवा टँकरचं खारं पाणी वापरू नका. नवी मुंबईत मोरबे धरणाचं नळाचं पाणी येतं, ते चांगलं.

धुवायचं कसं?

आधी एसी बंद, मग एमसीबी खाली. नुसत्या रिमोटवर भरवसा नको. इन्व्हर्टरच्या बोर्डावरचे कपॅसिटर वीज बंद केल्यावरही काही मिनिटं भारलेले असतात, तेव्हा थांबायचं.

वरचं झाकण आणि पुढचं पॅनेल उघडायचं. आत एका कडेला विजेचा बोर्ड असतो, तो प्लास्टिकच्या पिशवीने झाकायचा. मागच्या बाजूचा कोरडा थर मऊ ब्रशने, फिन्सच्या दिशेने, वरून खाली काढायचा. आडवा ब्रश मारला की फिन्स वाकल्या. त्यानंतर पाणी आतून बाहेर मारायचं, म्हणजे धूळ जिकडून आली तिकडेच परत ढकलली जाते. बाहेरून मारलं तर तीच धूळ फिन्सच्या पोटात खोल जाऊन रुतते. घाईतले लोक पुढच्या जाळीतूनच फवारा मारतात. ते पाणी पंख्याची पाती आणि मोटर धुतं, कॉइलच्या कोपऱ्यापर्यंत पोचतच नाही.

जेट पंपाचा जोर माफक हवा, नोझल फिन्सना सरळ समोरून आणि थोडं लांब. तिरका मारा झाला की पातळ पत्रा आडवा पडतो आणि हवेची वाट बंद. वाकलेल्या फिन्स सरळ करायला कंगवा मिळतो, पण ते काम मटार सोलण्यापेक्षा किचकट. पहिलं पाणी काळं येतं, मग राखाडी. स्वच्छ येईपर्यंत थांबायचं नाही. "झालं मॅडम" हे पाणी काळं असतानाच ऐकू आलं, तर अजून दोन बादल्या मारायला सांगा.

तेलकट थराला भांड्यांच्या सौम्य साबणाचं पाणी पुरे. बाथरूमचं ॲसिड, कॉस्टिकचं पाणी, "एका मिनिटात चकाचक" करणारी पावडर, यांतलं काहीही नको. ॲसिड आणि कॉस्टिक दोन्ही ॲल्युमिनियमला खातात. भसाभस फेस येतो आणि काळं पाणी निघतं, ते बघून गिऱ्हाईक खूश होतं, पण त्या फेसात मळाबरोबर तुमची फिनही विरघळत असते.

मागे कबुतराचं घरटं असेल तर आधी पाणी शिंपडून विष्ठा ओली करा, मास्क लावा, मग काढा. सुकी विष्ठा झाडताना उडणारी धूळ फुप्फुसांना त्रास देते. विष्ठेतलं युरिक ॲसिड धातूलाही वाईट.

किती वेळा? रस्त्यालगत, बांधकामाशेजारी किंवा खाडीकाठी राहत असाल तर वर्षातून दोनदा: पावसाळा संपल्यावर आणि फेब्रुवारीत. एरवी फेब्रुवारीत एकदा पुरे. मार्चमध्ये माणूसच मिळत नाही, मिळाला तरी दिवसाची दहा घरं उरकत असतो. इनडोअरची जाळी मात्र पंधरा दिवसांनी, आणि ती आपली आपणच.

हे मी स्वतः करू का?

आउटडोअर बाल्कनीत किंवा गच्चीवर असेल, चारही बाजूंनी उभं राहता येत असेल, तर ब्रश आणि सौम्य धारेचा पाइप घेऊन खुशाल करा. पॅनेल उघडायचं धाडस नसेल तर मागचा थर ब्रशने काढला तरी बरंच काम होतं.

ते खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर लटकत असेल, तर अजिबात नाही. गंजलेला स्टँड, ओला छज्जा आणि खाली बारा मजले. एसीच्या कामाला बाहेर उतरलेला माणूस पडल्याची बातमी दर उन्हाळ्यात कुठून तरी येते. येणाऱ्या मुलालाही बेल्टशिवाय बाहेर पाऊल टाकू देऊ नका, मग तो "रोजचंच आहे काका" म्हणून हसला तरी. बुकिंग करताना फोनवरच विचारायचं: सेफ्टी बेल्ट आणणार का, आणि तो अडकवायला आमच्या घरात काय लागेल? खिडकीचं ग्रिल अडकवायला चालत नाही, ते भिंतीतून निघून येऊ शकतं. काँक्रीटमध्ये पक्का बसवलेला हुक हवा. सोसायटीच्या पुढच्या सभेत रंगकामाचा विषय निघाला की त्याच कंत्राटात प्रत्येक आउटडोअरच्या वर एकेक हुक बसवून घ्यायचा ठराव मांडा. परांची उभीच असते, खर्च फार येत नाही. आणि त्याच परांचीवरून सगळ्या इमारतीच्या कॉइल मागून धुऊन घ्या, एवढी चांगली संधी पुन्हा पाच-सात वर्षांनीच येते.